जुन्या पिकअपचा मूळचा जॅक ओळखावा कसा?

वाहनाचें चाक बदलावयाचें झाल्यास तें जमिनीवरून उचलून धरणारें जें लहानसें यंत्र, त्यास जॅक म्हणतात. या यंत्रास कोणी शुद्ध मराठी नांव देऊं पाहील तर देवो. कल्याणापासून कसाऱ्यापर्यंतच्या मेस्त्रींस जॅक हाच शब्द समजतो, आणि आम्हीही तोच वापरणार आहों. गाडी जुनी होऊं लागली म्हणजे तिच्यावरील सुट्या वस्तु एकेक करून नाहींशा होतात, आणि त्यांत पहिला मान बहुधा जॅकचा असतो. इंजिन कोणी मागावयास येत नाहीं. जॅक मात्र शेजारी घटकाभर मागून नेतो, आणि ती घटका पुष्कळदां वर्षानुवर्षें टिकते.

यामुळें जुनी गाडी पूर्वस्थितींत आणूं पाहणाऱ्या मनुष्यास अगदीं शेवटीं जो प्रश्न अडवितो तो हा, कीं हिचा मूळचा जॅक कोणता? प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण त्यांत पैसा गुंतलेला असतो, आणि चुकीचा जॅक वापरल्यास हातपायही गुंततात. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं हाच प्रश्न आमच्यापुढें ठेविला. टिटवाळ्यास त्यांच्या घरामागील पडवींत १९५१ सालची शेव्हरोलेट पिकअप उभी आहे. त्यांच्या वडिलांनीं तिजवरून विटा व पेंढा वाहिला. आतां ती दुरुस्त होऊन चालूं लागली आहे, व मुंबईच्या एका विक्रेत्यानें त्यांस तीन जॅक दाखविले. तिन्ही एकमेकांहून भिन्न, आणि तिन्हींविषयीं त्याचें म्हणणें एकच, कीं हा अस्सल आहे. तिघांपैकीं फार तर एक खरा असणार, हें तर्कशास्त्र न शिकलेल्यासही कळेल. पण तो कोणता हें ठरविण्यास कांहीं माहिती लागते. ती यंत्रशास्त्राची आवड असलेल्या मुलांस उपयोगी पडेल व पालकांचे चार पैसे वांचवील, म्हणून येथें देत आहों.

प्रथम ‘मूळचा’ या शब्दाचा अर्थ ठरविला पाहिजे, कारण बाजारांतील बहुतेक फसवणूक या शब्दाच्या आडून चालते. कारखान्यांतून जो जॅक त्याच गाडीबरोबर निघाला तो एक. त्या सालच्या त्या नमुन्याच्या गाडीबरोबर कारखाना ज्या जातीचा जॅक देत असे, त्या जातीचा दुसरा कोणताही, हा दुसरा. आणि केवळ त्या काळीं बनलेला, पण मुळांत कोठल्या तरी निराळ्या वाहनाचा, हा तिसरा. पहिला सिद्ध करणें जवळजवळ अशक्य. गाडी एकाच कुटुंबांत राहिली असेल व घरांतील वडील मंडळी साक्ष देत असतील तरच तो मानावा. दुसरा शोध करून सिद्ध करतां येतो, व जुन्या गाड्यांचे जाणकार ‘बरोबर जॅक’ म्हणतात तो हाच. तिसरा पुष्कळ मिळतो. विक्रेता तिसऱ्यास पहिल्याचें नांव देतो व दुसऱ्याची किंमत मागतो. तेव्हां घेणारानें आरंभींच विचारावें, ‘आपण अस्सल म्हणतां तें कोणत्या अर्थानें?’ या एका प्रश्नानें पुष्कळ भाव खालीं येतात.

आपल्याकडील गाड्यांच्या बाबतींत याहून एक अधिक गुंता आहे. अमेरिकेंत विकलेली गाडी आणि मुंबईंत जुळविलेली गाडी या तंतोतंत एक नव्हेत. जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस शिवडी येथें कारखाना काढला, व १९२८ च्या डिसेंबरांत तेथून पहिली शेव्हरोलेट बाहेर पडली. सुटे भाग पेट्यांत भरून आगबोटीनें येत आणि शिवडीस त्यांची जुळणी होई. फोर्ड कंपनीचाही मुंबईंत असाच व्यवहार होता. मात्र येथील फोर्ड ही कॅनडांतील फोर्ड कंपनीची शाखा होती, अमेरिकेंतील नव्हे. कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें १९४७ पासून डॉज, फार्गो वगैरे क्रायस्लर घराण्याच्या गाड्या बाहेर काढल्या, आणि त्याच सालापासून महिंद्र कंपनी मुंबईंत विलिस जीप जुळवूं लागली. पुढें १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें अभिप्राय दिला कीं, ज्या कंपन्या येथें भाग बनविण्याचा कार्यक्रम हातीं घेणार नाहींत त्यांनीं नुसती जुळणी चालवूं नये. आणि १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स व फोर्ड या दोघींनीं आपला येथील व्यवहार आंवरला.

या इतिहासाचा जॅकशीं संबंध असा. अमेरिकेंतील पुस्तकांत जीं चित्रें असतात तीं डाव्या हाताच्या सुकाणूच्या गाडीचीं असतात; आपल्याकडील गाडींत चालक उजवीकडे बसतो, म्हणून जॅक ठेवण्याची जागा चित्राप्रमाणेंच सांपडेल असें धरून चालूं नये. फोर्डवाल्यानें कॅनडांत छापलेली भागांची यादी मिळते कीं काय तें आधीं पाहावें. शिवाय येथील कारखाने बंद झाल्यावर परदेशी सुटे भाग दुर्मिळ झाले आणि लोकांनीं हातीं लागेल तें वापरलें. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणाजवळ लष्कराचा मोठा तळ होता. त्याच जागीं पुढें सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. युद्ध संपल्यावर लष्करानें विकून टाकलेल्या गाड्या व हत्यारें देशभर पसरलीं, आणि लष्करी जॅक खाजगी गाड्यांत जाऊन बसले. ते जुने खरे, दणकटही खरे. पण त्या गाड्यांचे नव्हेत.

मग साक्ष कोणाची घ्यावी? आमचें स्पष्ट मत असें कीं, पहिली साक्ष जॅकची घेऊं नये, गाडीची घ्यावी. जॅक बोलतो तें विक्रेत्याच्या तोंडानें. गाडी स्वतःच्या तोंडानें बोलते. बहुतेक कारखाने जॅक खडखडूं नये म्हणून त्याकरितां खास जागा करीत. आसनाखालीं, आसनामागें किंवा केबिनच्या एखाद्या कोपऱ्यांत लोखंडी पट्टी, आंकडा, पंखाचा नट किंवा स्प्रिंगचा चाप असे. तेथील बॅटरीच्या उजेडांत नीट पाहावें. पट्टी गेलेली असली तरी पत्र्यास जोडलेला नट राहतो. नटही गेला असला तरी भोंक राहतें. जॅकच्या बुडानें रंग झिजवून केलेला ठसा कित्येकदां शाबूत असतो. तो ठसा कारखान्याच्या पहिल्या रंगावर आहे कीं मागाहून दिलेल्या रंगावर, हेंही पाहावें. कारण वरच्या रंगावरील ठसा पुढील मालकाच्या जॅकचा असूं शकेल. या सर्वांचीं मापें घ्यावीं, छायाचित्रें घ्यावीं, आणि मगच गाडी रंगाऱ्याच्या हवालीं करावी. आम्हीं पाहिलें आहे कीं, हौसेनें गाडी नवी करणारे लोक प्रथम आंतील पत्रा घांसून लखलखीत करतात, व मग मूळच्या वस्तु शोधूं लागतात. हें म्हणजे पावलांचे ठसे झाडून टाकून चोराचा माग काढण्यासारखें झालें.

गाडीचें साल तरी नक्की ठाऊक आहे काय? नोंदणीच्या पुस्तकांत लिहिलेलें साल नोंदणीचें असूं शकतें. पेट्यांतून येणारी गाडी जुळून विकली जाईपर्यंत कांहीं महिने सहज जात. शेव्हरोलेटच्या सहा नळकांड्यांच्या इंजिनावर ओतकामाची तारीख उठविलेली असते. ए पासून एल पर्यंतचें अक्षर महिना दाखवितें, त्यापुढें तारीख, व शेवटीं सालाचा अंत्य अंक. ‘सी १५ १’ म्हणजे मार्चची १५ तारीख व साल १९५१. किंवा १९४१ हेंही होऊं शकेल, तेव्हां तें दशक गाडीच्या इतर खुणांवरून ठरवावें. अर्थात् इंजिनच मागाहून बदललेलें असल्यास ही तारीख निरुपयोगी. आपल्या देशांत पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें बसविण्याची चाल पुष्कळ होती, आणि डिझेलचें इंजिन बहुधा अधिक जड असतें. अशा गाडीस मूळचा जॅक मिळाला तरी पुढच्या बाजूस त्यावर मूळ हिशेबापेक्षां अधिक भार पडेल, हें विसरूं नये.

आतां मापांकडे वळूं. येथें आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं कागद व पेन्सिल घ्यावी. अर्ध्या टनाच्या पिकअपला ६.००–१६ मापाचे टायर असत. म्हणजे रिमचा व्यास १६ इंच व टायरची जाडी सुमारें ६ इंच. दोन्ही बाजूंची जाडी मिळवून चाकाचा व्यास २८ इंच, व त्रिज्या १४ इंच होते. भार पडल्यावर टायर थोडा दबतो, तेव्हां आंसाचा मध्य जमिनीपासून सुमारें साडेतेरा इंचांवर धरावा. आंसाची अर्धी जाडी दीड इंच वजा केली म्हणजे आंसाच्या खालीं १२ इंच जागा राहिली. परंतु जॅक लागतो तो टायर बसल्यावर! वारा गेला म्हणजे रिम जवळजवळ जमिनीस टेकतो आणि ती १२ इंचांची जागा आठ इंचांच्या घरांत येते. म्हणून जॅक मिटलेल्या स्थितींत आठ इंचांहून ठेंगणा हवा. उलट वारा भरलेलें नवें चाक बसवावयाचें तर आंस पूर्वीपेक्षांही वर, म्हणजे खालीं सुमारें १३ इंच जागा राहील इतका, उचलावा लागतो. तेव्हां मिटलेली उंची आठांच्या आंत व उचल पांच इंचांहून अधिक, असा जॅक पाहिजे. एका साध्या आट्याच्या जॅकमध्यें हें साधणें कठीण, म्हणून त्या काळचे पुष्कळ जॅक एकांत एक बसणाऱ्या दोन आट्यांचे केलेले असत. एक पूर्ण वर आला म्हणजे दुसरा निघूं लागतो. हें गणित आपल्या गाडीच्या प्रत्यक्ष मापांनीं करावें. जो जॅक बसलेल्या टायरच्या आंसाखालीं शिरतच नाहीं, तो त्या गाडीबरोबर कारखान्यानें दिला असेल हें कोणी शपथेवर सांगितलें तरी मानूं नये.

आट्याच्या जॅकचें बळ किती, हेंही याच ओघांत सांगतों. दांडा १२ इंच लांब असून एका फेऱ्यांत आटा पाव इंच वर येतो असें धरा. दांड्याचें टोंक एका फेऱ्यांत सुमारें ७५ इंच फिरतें, आणि ओझें पाव इंच चढतें. म्हणजे ३०० पट लाभ. पिकअपच्या एका मागच्या चाकावर १२०० पौंड भार असला तर चार पौंडांच्या जोरानें तो उचलला जावा. प्रत्यक्षांत घर्षणच बहुतेक जोर खाऊन टाकतें आणि वीस पौंडांच्या आसपास जोर लावावा लागतो. पण तेंच घर्षण आपला रखवालदारही आहे. दांडा सोडला तरी आटा आपोआप उलट फिरत नाहीं व गाडी खालीं येत नाहीं. दांड्यास तेल कमी म्हणून कुरकुर करणाऱ्या मुलांनीं हें लक्षांत ठेवावें.

आतां त्या तीन जॅकांकडे. पहिला होता तो बंपरचा जॅक: उंच दांतेरी खांब, व त्यावर खटक्याखटक्यानें चढणारा आंकडा. १९३४ पासून अमेरिकन मोटारींत पुढचीं चाकें स्वतंत्र स्प्रिंगांवर बसविण्याची पद्धत सुरू झाली. पुढें मोटारी ठेंगण्या होत गेल्या, आंसाखालीं हात घालणें अवघड झालें, व मजबूत बंपर धरून गाडी उचलणारे हे जॅक मोटारींबरोबर येऊं लागले. पिकअपची गोष्ट निराळी. शेव्हरोलेटच्या मालवाहू गाड्यांस पुढचा अखंड आंस थेट १९६० च्या नमुन्यापर्यंत होता, आणि त्या काळच्या पुष्कळ पिकअपांस मागें बंपरच नसे. तेथें असते ती उघडमीट करणारी फळी. ज्या गाडीस मागें बंपर नाहीं तिचें मागचें चाक बंपरच्या जॅकनें कसें उचलणार? हा जॅक कोणा मोटारीचा असावा, असें आम्हीं ठरविलें.

दुसरा जॅक बाटलीच्या आकाराचा, तेलाचा होता. पास्कलच्या नियमावर चालणारें हें यंत्र फार जुनें आहे. रिचर्ड डजन यानें न्यूयॉर्क येथें १८५१ सालींच हातीं नेण्याजोग्या तेलाच्या जॅकचें पेटंट घेतलें होतें, तेव्हां ‘तेलाचा म्हणजे नवा’ हा मेस्त्रींचा समज खरा नव्हे. जड मालमोटारींबरोबर असे जॅक येत. परंतु या विशिष्ट जॅकच्या अंगावर भार किलोग्रॅममध्यें लिहिलेला होता. १९५१ सालच्या अमेरिकन मालावर पौंड किंवा टन सांपडावयाचे. आपल्या देशांत दशमान वजनें १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्यानें आलीं. तेव्हां हा जॅक पुष्कळ अलीकडचा. ज्यास अंगावरील अक्षरें वाचतां येतात त्यास दुसऱ्या पुराव्याची गरज पडली नाहीं.

तिसरा दुहेरी आट्याचा, दीड टन भाराचा, बुटका व मापांत चपखल बसणारा होता. खरवडलेल्या काळ्या रंगाखालून लष्करी हिरवट रंग डोकावत होता. गाडींतील पट्टीच्या दोन भोंकांत तो धरून पाहिला, तों बूड अर्धा इंच रुंद निघालें. जॅक त्या काळचा, कामास उत्तम, पण लष्करांतून आलेला. वर सांगितलेल्या तीन अर्थांपैकीं तिसऱ्या अर्थानें अस्सल. गृहस्थांनीं विक्रेत्यास हें सर्व शांतपणें दाखविलें व सांगितलेल्या दराच्या निम्म्यानें तो घेतला. पट्टीस बसणारा जॅक ते अद्याप शोधीत आहेत.

अंगावरील अक्षरांविषयीं दोन शब्द अधिक. जॅक मोटारीचे कारखाने स्वतः क्वचितच बनवीत. अमेरिकेंत सेंट जोसेफ येथील ऑटो स्पेशॅलिटीज, जिच्या मालावर ‘ऑस्को’ ही खूण असे, रॅसीन येथील वॉकर इत्यादि कंपन्या ते बनवून निरनिराळ्या मोटारवाल्यांस पुरवीत. म्हणून जॅकवर शेव्हरोलेट हें नांव नाहीं एवढ्यानें तो नाकारूं नये, आणि ऑस्को हें नांव आहे एवढ्यानें स्वीकारूंही नये. तोच कारखाना लष्करास व दुकानांसही माल देई. ओतकामांत उठलेला क्रमांक हा सांच्याचा क्रमांक असतो, भागांच्या यादींतील क्रमांक पुष्कळदां निराळा असतो. दोहोंची गल्लत झाल्यास बरोबर वस्तु हातची जाते. अक्षरें ओतकामाबरोबर उठलेलीं आहेत कीं छिन्नीनें मागाहून ठोकलेलीं, हें बोटानें चांचपून कळतें. ठोकलेल्या अक्षराची कड ताजी व धारदार लागली आणि आंतील गंज मात्र नसला, तर सावध व्हावें. खिळ्यांचे आटे मोजावे. अमेरिकन आट्याचा कोन ६० अंशांचा, इंग्रजी व्हिटवर्थचा ५५ अंशांचा; आटे मोजण्याची पात्यांची पट्टी कोणत्याही चांगल्या कर्मशाळेंत मिळते.

दांड्याकडे लोक दुर्लक्ष करतात. जॅकच्या कानांत बसणारें दांड्याचें टोंक चौकोनी, गोल किंवा आंकडीदार असतें, आणि कांहीं गाड्यांत चाकाचे नट सोडण्याचा पानाच जॅकचा दांडा म्हणून वापरावयाचा असे. तेव्हां पान्याचें तोंड गाडीच्या नटांस व दुसरें टोंक जॅकच्या कानास लागतें काय, हें पाहिलें म्हणजे दोन्हींची परीक्षा एकदम होते.

जॅक सांपडल्यावर त्यावर विश्वास किती ठेवावा? सत्तर वर्षांच्या ओतीव लोखंडांत केसाएवढी चीर असली तर ती रंगाखालीं दिसत नाहीं. प्रदर्शनाकरितां तो गाडींत असावा. रस्त्यावर चाक बदलण्यास अलीकडचा, तपासलेला जॅक बरोबर घ्यावा. कोणताही जॅक गाडी उचलण्यासाठीं असतो, तिच्याखालीं शिरण्यासाठीं नव्हे. शिरणें असेल तर मेस्त्री जिला घोडी म्हणतात ती लोखंडी टेकण लावावी. समोरच्या चाकास पुढें-मागें लांकडी पाचर द्यावी. आमच्या भागांत विटा पायलीच्या पसा मिळतात, म्हणून विटांचा आधार देण्याची खोड आहे. वीट भार घेते घेते व एकदम फुटते. तिचा आधार कधींही देऊं नये. पावसाळ्यांत काळूकांठच्या चिखलांत जॅक स्वतःच खालीं रुततो, तेव्हां त्याच्या बुडाखालीं हातभर लांबीची जाड फळी घ्यावी.

सांपडलेला जॅक स्वच्छ करतांना तो रॉकेलांत दोन दिवस भिजत ठेवावा व मऊ तारेच्या ब्रशानें गंज काढावा. घांसण्याचें विजेचें चाक किंवा तेजाब लावूं नये, कारण त्यानें गंजाबरोबर अक्षरेंही जातात. आट्यांस ग्रीज द्यावें. मूळ रंगाचा एखादा तुकडा राहिला असेल तर त्यावर नवा रंग चढवूं नये. दांडा नसल्यास लोहाराकडून करून घेण्यास हरकत नाहीं. मात्र त्याची तारीख व खर्च गाडीच्या वहींत लिहून ठेवावा, म्हणजे पुढें ती गाडी ज्याच्या हातीं जाईल त्यास जॅक जुना व दांडा नवा हें न विचारतां कळेल.